नागदेवाचार्य

नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास हे महानुभाव पंथाचे पहिले आचार्य होत. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्या शतकाचा आरंभ हा त्यांचा कार्यकाळ. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचे ते पट्टशिष्य. स्वामींच्या वियोगानंतर विखुरलेल्या शिष्यसमुदायाला त्यांनी एकत्र ठेवले, आचारधर्माची घडी बसवली आणि पंथाचे तत्त्वज्ञान मराठीतच राहील असा दंडक घातला. लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टान्तपाठ हे मराठीतील आद्य गद्यग्रंथ त्यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाले. त्यामुळे त्यांचे चरित्र एका धर्मपंथाच्या इतिहासात जसे येते, तसेच मराठी भाषेच्या इतिहासातही येते.

मध्ययुगातील धर्मप्रमुखाचे नाव घेतले की दगडी मठ, इनामाच्या जमिनी, गादी आणि छत्रचामरे डोळ्यांसमोर येतात. नागदेवाचार्यांपाशी यांतले काहीही नव्हते. झाडाखाली निजणाऱ्या, दारोदार भिक्षा मागणाऱ्या आणि एका गावी फार काळ न थांबणाऱ्या संन्याशांचे ते प्रमुख होते. महानुभावांचे मठ व महंतांच्या गाद्या ही पुढच्या काळातील व्यवस्था आहे. तिचे आद्य आचार्य म्हणून ज्यांना मान दिला जातो, ते स्वतः मठात राहणारे नव्हते.

नाव आणि पार्श्वभूमी

त्यांचे मूळ नाव नागदेव. पंथाच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख बहुधा भट किंवा भटोबास असा येतो. नावापुढे येणारा ‘बास’ हा आदरार्थी जोड आहे. केसोबास, बाइदेवबास, परशरामबास या नावांतही तोच दिसतो. स्त्रियांच्या नावांत त्याच्या जागी ‘आइसा’ किंवा ‘इसा’ येते. नागदेवांच्या आईचे नाव आबाइसा आणि बहिणीचे उमाइसा. मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखली जाणारी महदाइसा ऊर्फ महदंबा ही त्यांची चुलत बहीण. हे सारे घरच एकापाठोपाठ एक स्वामींच्या पायाशी आले. पंथाच्या पहिल्या पिढीत स्त्रियांचा वावर इतका सहज का दिसतो, याचा थोडा उलगडा येथे होतो.

त्या काळी महाराष्ट्रावर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. महादेव यादव (इ.स. १२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामदेवराव (इ.स. १२७१ ते १३११) यांच्या कारकिर्दींत नागदेवांचे बहुतेक आयुष्य गेले. राज्यात सुबत्ता होती आणि कर्मकांडही तितकेच वाढलेले होते. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ याच काळात रचला. धर्माची भाषा संस्कृत, तिचा अधिकार मोजक्यांना आणि तिचे आचरण खर्चिक, अशी ती स्थिती होती.

महानुभाव पंथात पाच अवतार मानले जातात. द्वारकेचे श्रीकृष्ण, माहूरचे श्रीदत्तात्रेय, चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ, रिद्धपूरचे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ आणि श्रीचक्रधर, असे हे पंचकृष्ण. यांपैकी चक्रपाणींचे जन्मस्थान फलटण होय. बारामती, इंदापूर, लासुर्णे या बाजूच्या लोकांना महानुभावांची ओळख होते ती बहुधा नीरेपलीकडच्या या फलटणमुळेच. चक्रपाणींकडून गोविंदप्रभू व गोविंदप्रभूंकडून चक्रधर अशी ही परंपरा आहे. नागदेव त्यानंतरचे, परंतु ते अवतार नव्हेत, आचार्य आहेत. हा भेद पंथाने कटाक्षाने जपला आणि स्वतः नागदेवांनी तो कधी पुसट होऊ दिला नाही.

श्रीचक्रधरांची भेट

नागदेव प्रथम रामदेव ऊर्फ दादोस नावाच्या साधकाच्या शिष्यमंडळात होते. महदाइसाही त्याच मंडळातली. दादोसांमुळे या मंडळींना श्रीचक्रधरांचे दर्शन घडले आणि पाहता पाहता दादोसांचे शिष्य स्वामींचे शिष्य झाले. दादोसांना हे लागले. लीळाचरित्रात त्यांची ही खंत झाकलेली नाही, हे त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचे एक लक्षण मानावे लागेल.

नागदेव लगेच घर सोडून आले नाहीत. त्यांचे येणे-जाणे काही काळ चालू राहिले. स्वभावाने ते धाडसी आणि काहीसे अवखळ होते. स्वामी त्यांना लाडाने वानराच्या नावाने हाक मारीत. संन्यस्त गुरूने पट्टशिष्याला असे नाव द्यावे आणि पंथाने आपल्या पहिल्या आचार्याची ती ओळख ग्रंथात जशीच्या तशी ठेवावी, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. चरित्रनायकाला देव्हाऱ्यात बसवण्याची घाई या लेखकांना नव्हती.

श्रीचक्रधर मूळचे गुजरातचे. भडोचचा प्रधान विशाळदेव याचे पुत्र हरिपाळदेव ते हेच, असे पंथ मानतो. महाराष्ट्रात येऊन त्यांनी आपली शिकवण लोकांच्या मराठीतच सांगितली. स्त्रिया व शूद्र यांना संन्यासाचा अधिकार त्यांनी दिला, चारी वर्णांच्या घरची भिक्षा घ्यावी असे सांगितले आणि स्त्रियांच्या मासिक धर्माचा विटाळ मानण्यास नकार दिला. शिष्यांनी स्वदेशाचे व आप्तांचे पाश तोडावेत, अनोळखी ठिकाणी राहावे. मात्र कानडी व तेलंगी मुलखात न जाता महाराष्ट्रात वास करावा, अशी त्यांची आज्ञा होती. या आज्ञेचे पालन करवून घेण्याचे काम पुढे नागदेवांच्या वाट्यास आले.

वियोग आणि रिद्धपूर

इ.स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधर शिष्यांना अंतरले. ते उत्तरापंथे निघून गेले, अशी पंथीयांची श्रद्धा आहे. देवगिरीच्या दरबारातील काहींचा, विशेषतः हेमाद्रीचा, त्यांना विरोध होता आणि त्यातून त्यांचा छळ झाला, हेही परंपरा सांगते. जाण्यापूर्वी स्वामींनी शिष्यांना रिद्धपूरला जाऊन गोविंदप्रभूंची सेवा करण्यास सांगितले होते.

नागदेवांना हा वियोग सोसवला नाही. त्यांनी अन्नपाणी टाकले. देह पडेल अशी अवस्था आली, तेव्हा सोबत्यांनी त्यांना सावरले आणि रिद्धपूरला आणले. पुढे ज्यांनी इतरांच्या शोकाला आवर घातला, त्यांची ही पहिली अवस्था पंथाने विसरू दिलेली नाही.

रिद्धपूर आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तेथे गोविंदप्रभू राहत. त्यांचे वागणे लोकांना वेड्यासारखे वाटे. ते कोणाच्याही घरात शिरत, काहीही मागून खात, लहान मुलांत खेळत, एकाएकी हसत, एकाएकी रागावत. उच्चनीच त्यांना ठाऊक नव्हते. अशा विलक्षण पुरुषाची सेवा करणे हे शहाण्याच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारे काम. नागदेव, म्हाइंभट, महदाइसा आणि इतरांनी ते गोविंदप्रभूंच्या अखेरपर्यंत, म्हणजे इ.स. १२८७ च्या सुमारापर्यंत, सुमारे १३ वर्षे केले. गोविंदप्रभूंना एकदा विवाहाचा खेळ करण्याची लहर आली आणि त्या प्रसंगी महदाइसेने कृष्ण-रुक्मिणी विवाहावरील धवळे रचले. मराठीतील स्त्रीरचित काव्याचा आरंभ तो हा.

या काळात नागदेव प्रमुख होते आणि नव्हतेही. दैवत समोर असताना आचार्याला काम ते काय? त्यांचा खरा अधिकार गोविंदप्रभूंच्या देहान्तानंतर सुरू झाला, आणि तो अत्यंत रिकाम्या जागी सुरू झाला. आता डोळ्यांना दिसणारा देव उरला नव्हता.

देवाच्या पश्चात

पंथप्रवर्तक गेला की मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न उभा राहतो: आता कोणाला विचारायचे? कोणी वारसाला अवतार ठरवतो, कोणी समाधी बांधतो. नागदेवांनी यांपैकी काहीच केले नाही. स्वतःकडे देवपण घेतले नाही. ईश्वर सन्निध नसताना त्याच्या चरणस्पर्शाने पवित्र झालेली स्थाने, त्याने हाताळलेल्या प्रसादवस्तू, भिक्षुक आणि वासनिक म्हणजे गृहस्थ अनुयायी, हे साधकाचे आधार ठरले. आणि या साऱ्यांना जोडणारा धागा म्हणजे स्मरण. स्वामी कोठे बसले, काय बोलले, कोणावर रागावले, कोणाच्या घरी काय जेवले, हे आठवणे हीच उपासना झाली.

आचारधर्म कडक होता. भिक्षेवर निर्वाह, अटन म्हणजे सतत भ्रमण, विजन म्हणजे एकान्तवास, संपूर्ण अहिंसा आणि नामस्मरण. ओळखीच्या गावी रेंगाळायचे नाही, चांगल्या भिक्षेची चटक लागू द्यायची नाही, गावाबाहेर झाडातळी राहायचे. गोविंदप्रभूंनंतर नागदेवांनी शिष्यांसह गंगातीरी, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात, वास केला. शिष्य भ्रमणास जात आणि परत येऊन त्यांच्यापाशी आपापल्या शंका मांडीत. कोणी तपाच्या हट्टाने देह झिजवी, कोणी जरा सैलावे. दोघांनाही ते वाटेवर आणीत. त्यांच्या या काळातील आठवणींचा संग्रह म्हणजे ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथ. नागदेवांचे चरित्र आपणांस कळते ते मुख्यतः त्यातून. ॲन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले असून ते इ.स. १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘देवाच्या अनुपस्थितीत’ अशा अर्थाचे जे नाव त्यांनी भाषांतराला दिले, ते नागदेवांच्या साऱ्या उत्तरायुष्याला लागू पडते.

महदाइसेशी त्यांचे नाते या आठवणींत वेगळे उठून दिसते. ती वयाने मोठी, बालविधवा, अत्यंत चौकस. तिचे प्रश्न थांबत नसत आणि नागदेव त्याचा त्रास मानीत नसत. उलट तिच्या चिकित्सेचे आणि धर्मनिष्ठेचे ते कौतुक करीत. स्वामींच्या काळीही अनेक लीळा तिच्या प्रश्नांमुळेच घडल्या होत्या.

मराठीचा दंडक

नागदेवांचे शिष्य अडाणी नव्हते. केसोबास, म्हाइंभट, दामोदर पंडित, भास्करभट्ट हे सारे संस्कृतात मुरलेले विद्वान होते. त्यांच्या दृष्टीने ज्ञान टिकवायचे तर ते संस्कृतात लिहावे, हे इतके उघड होते की त्याबद्दल वाद असू शकतो असेही त्यांना वाटले नसेल. केसोबासांनी श्रीचक्रधरांच्या लीळांवर ‘रत्नमालास्तोत्र’ हे संस्कृत काव्य रचले होते. पुढे स्वामींचे विचारही संस्कृतात बांधावेत, असा त्यांचा मनोदय होता. नागदेवांनी त्यांना थांबवले. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, असे कारण त्यांनी दिले.

आणखी एका प्रसंगी विद्वान शिष्यांनी त्यांना संस्कृतात प्रश्न विचारले. तेव्हा आपल्याला ही भाषा समजत नाही, स्वामींनी आपल्याला मराठीतच सांगितले, तुम्हीही मराठीतच विचारा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ते खरोखरच संस्कृत जाणत नव्हते की शिष्यांना धडा द्यावा म्हणून तसे म्हणाले, यावर वाचकाने हवा तो तर्क करावा. परिणाम एकच झाला. पंथाचा आचार्य ज्या भाषेत ऐकेल, त्या भाषेत बोलणे सर्वांना भाग पडले.

वर्गात मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना हा प्रसंग बहुधा भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तसे सांगणे अपुरे आहे. नागदेवांच्या बोलण्यात भाषेचा अभिमान नाही. समोर बसलेल्या विशिष्ट माणसांची काळजी आहे. त्या म्हाताऱ्या काल्पनिक नव्हत्या. आबाइसा, उमाइसा, महदाइसा अशा बायकांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले होते. लीळा त्यांच्याच आठवणीत होत्या. ज्यांच्या मुखातून ज्ञान गोळा करायचे, त्यांनाच ते पुढे वाचता-ऐकता येऊ नये, हे नागदेवांना मान्य झाले नाही. ज्ञानेश्वरी इ.स. १२९० मध्ये लिहिली गेली. त्याच सुमारास, तेराव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात, मराठीला धर्मभाषा करण्याचा हा दुसरा निर्णय झाला होता. एक पद्यात, दुसरा गद्यात.

लीळांची जुळवाजुळव

म्हाइंभट हे सराळे गावचे श्रीमंत आणि विद्वान गृहस्थ. वादात जिंकण्याच्या इराद्याने ते श्रीचक्रधरांकडे गेले आणि अखेर अनुयायी झाले. रिद्धपुरात असताना त्यांनी पाहिले की नागदेव एकान्ती स्वामींच्या लीळा आठवत बसतात. ही आठवण त्यांच्याबरोबर संपून जाईल, या चिंतेने म्हाइंभटांनी लेखनाचे काम हाती घेतले. ज्याच्यापाशी एखादी लीळा असेल त्याच्या दारी ते गेले, त्याच्या तोंडून ती ऐकली आणि नागदेवांकडून पडताळून घेतली. रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या ठिकाणी हे काम चालले. इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत. गोविंदप्रभूंच्या चरित्राचा ग्रंथही म्हाइंभटांनीच इ.स. १२८८ च्या सुमारास पूर्ण केला.

केसोबासांनी संस्कृताचा नाद सोडून लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेचली, तो सूत्रपाठ. स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त निवडून त्यांचे मर्म उलगडले, तो दृष्टान्तपाठ. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट मराठीत लिहिली गेली ती येथेच.

त्याच शतकात युरोपात असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या भिक्षुसंघापुढेही असाच पेच होता. तेथे संघप्रमुख बोनाव्हेंचर यांनी गुरूचे नवे अधिकृत चरित्र लिहिले आणि इ.स. १२६६ मध्ये संघाने आधीची सारी चरित्रे नष्ट करण्याचा ठराव केला. महानुभावांनी नेमके उलटे केले. एकाच लीळेचे दोन-तीन पाठ ऐकू आले तर ते शेजारी शेजारी ठेवले. कोणाची वासना काय, कोणाचा शोध काय, हे नावानिशी नोंदवले. ही शिस्त पुढच्या पिढ्यांनी वाढवली असली, तरी प्रत्येकाची आठवण ऐकून घेण्याची सवय लागली ती नागदेवांच्या काळात.

या शिस्तीचा उपयोग लवकरच झाला. इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरीवर स्वारी केली आणि त्यानंतर खल्जींच्या स्वाऱ्या होतच राहिल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यांतील एक पाठ हिराइसा नावाच्या शिष्येच्या नावे ओळखला जातो.

कवी आणि आचार्य

नागदेवांभोवती कवी जमले. देवगिरीच्या दरबारातील नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. ते आपल्या नावावर करावे म्हणून रामदेवरावाने भरघोस द्रव्य देऊ केले, परंतु नरेंद्राने ते नाकारले, अशी कथा आहे. पुढे तो पंथात आला. दामोदर पंडितांनी ‘वच्छाहरण’ लिहिले. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ लिहून बाइदेवबासांना दाखवले. काव्य उत्तम उतरले होते. पण त्यातील शृंगार पाहता ते निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, असा निर्णय झाला. भास्करभट्टांनी तो मानला आणि ‘उद्धवगीता’ लिहिली. रसिक वाचकाला ‘शिशुपाळवध’च अधिक आवडतो आणि त्या दृष्टीने हा निर्णय कोरडा वाटतो. नागदेवांच्या समुदायात काव्याला जागा होती, पण ती संन्यासाच्या दाराबाहेर चपला काढून येणाऱ्या पाहुण्यासारखी.

अखेर आणि नंतर

चौदाव्या शतकाच्या आरंभी नागदेवाचार्यांचा देहान्त झाला. त्यांच्यानंतर बाइदेवबास आणि मग भास्करभट्ट ऊर्फ कवीश्वरबास यांनी आचार्यपद सांभाळले. त्यानंतरच्या पिढ्यांत समुदायाची एकसंधता टिकली नाही. पंथात १३ आम्नाय झाले.

मराठीच्या दंडकाला पुढे एक विचित्र वळण मिळाले. परचक्राच्या आणि अवहेलनेच्या भयाने महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास सुरुवात केली. म्हाताऱ्या बायकांना कळावे म्हणून ज्या भाषेत ग्रंथ ठेवले, त्याच भाषेच्या सामान्य वाचकापासून ते काही शतके लपून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि हे भांडार हळूहळू खुले झाले. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र शासनाने इ.स. १९७८ मध्ये प्रसिद्ध केले.

पंथ मात्र मराठीच्या सीमा ओलांडून गेला होता. पंजाबात तो जयकृष्णी पंथ या नावाने पसरला आणि पेशावर, काबूलपर्यंत पोचला. तेथील अनुयायांची घरची भाषा पंजाबी किंवा आणखी काही होती. परंतु ब्रह्मविद्येचे ग्रंथ मराठीतच असल्याने त्यांच्यातील अभ्यासकांनी मराठी शिकून घेतली आणि मराठी पोथ्या उतरवून जपल्या.

रिद्धपुरातील राजमठ आणि वाजेश्वरी ही स्थाने आजही यात्रेची आहेत. मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ महाराष्ट्र शासनाने अलीकडे याच गावी स्थापन केले आहे.